समोरचा माल

नवी पेठेत चांदीच्या दुकानांपुढं बायकांच्या एकेकट्या चपला दिसायला लागल्या, की मी समजते, धोंडा लागला. एका पायात चप्पल, दुसरा पाय दुकानदाराच्या पाटावर, आणि नवं जोडवं बोटात शिरत नाही म्हणून लेकीचं तोंड वाकडं. आई शेजारी बसून म्हणते, "अगं, साबण लाव की जरा!" दर तीन वर्षांनी हा जादाचा महिना पंचांगात येऊन बसतो. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. मुहूर्ताचा सगळा बाजार आडवा होतो आणि जावई तेवढा उभा राहतो. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, चांदीचा दिवा द्यायचा आणि वर आपल्या ऐपतीप्रमाणं काहीतरी. त्या 'काहीतरी'वर आमचं दुकान चालतं. पेठेतल्या एका बोळात आमचं घड्याळाचं दुकान आहे. यजमान होते तेव्हा ते बसायचे, आता माझा लेक महेश बसतो. मी असते आपली, माणसांशी बोलायला.

यंदाचा धोंडा ज्येष्ठात आलाय. दुपारी बोळात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, डांबर चपलेला धरून ठेवतं. गेल्या खेपेचा श्रावणात आला होता. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दारातनंच "येतो मग" म्हणून निघणारा पाहुणा; तरी त्या वर्षी बोळाला ओल होती. गिऱ्हाइकाच्या छत्रीचं पाणी काउंटरवर ठिबकायचं आणि महेश सारखा काच पुसत बसायचा. त्या काचेखाली नुसती स्मार्टवॉच मांडलेली. चौकोनी, काळी, ओळीनं. बंद असली की सगळी एकसारखी, कुणाची म्हणून वेगळी ओळख नाही.

मला काही ती लवकर आवडली नाहीत. यजमानांच्या वेळी काचेखाली घड्याळं मांडताना सगळ्यांचे काटे वर करून ठेवायचे, मिशीला पीळ दिल्यासारखे. प्रत्येकाचा चेहरा निराळा. ह्या नव्यांना चेहराच नाही, आणि असला तर रोज नवा. बटण दाबलं की फुलं, बटण दाबलं की महादेव, बटण दाबलं की नातू. पण खरं सांगू का, वेळ बघायला घड्याळ कुणी कधी घेतलंच नाही. सोलापुरात वेळ सांगायला गिरणीचा भोंगा होता की. घड्याळ होतं ते नवरदेवाच्या फोटोसाठी. फोटोवाला त्याचा हात गुडघ्यावर असा ठेवायला लावायचा, की बाही मागं सरकली पाहिजे आणि सासऱ्यानं दिलेलं घड्याळ दिसलं पाहिजे. त्या फोटोतल्या घड्याळात किती वाजलेत, हे कुणी बघितलंय का आजपर्यंत?

म्हणून स्मार्टवॉचचं येड लागलं तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चढाओढीचं. दर आठवड्याला नवी कंपनी. नावं अशी, की औषधाचं आहे का सायकलचं, कळू नये. एक म्हणायची आमचं पाण्यात चालतं, दुसरी म्हणायची आमच्यावर फोन येतो, तिसरी नाडी बघायची, चौथी रक्तातला ऑक्सिजन. सगळ्यांचा माल पुण्याच्या एकाच व्यापाऱ्याकडून यायचा, एकाच टेम्पोत. डबा तेवढा निराळा. मी महेशला विचारलं, "अरे, आतलं यंत्र तर सारखंच दिसतंय." तो म्हणाला, "आई, गिऱ्हाईक डब्यावर बोट ठेवतं. यंत्र कोण उघडून बघतं?"

सांगोल्याकडचं एक जोडपं आलेलं मला आठवतं. शेळ्या-मेंढ्या राखून असणारी माणसं, जावयासाठी घड्याळ घ्यायला तालुक्यावरून एसटीनं आलेली. बाईनं ते घड्याळ तळहातावर घेतलं, जोखलं आणि विचारलं, "ह्यात काय काय हाय वो?"

महेश पाठ केलेलं म्हणाला, "मावशी, फोन येतो, नाडी दिसते, चाललं किती ते कळतं, झोप झाली का तेही सांगतं."

"झोप? आमच्या जावयाची झोप आमाला ठावं हाय की. दिस डोक्यावर आल्याबिगर उठतच न्हाय."

"मग हेच घ्या. हे मनगटावर थरथर करून उठवतं."

बाई नवऱ्याकडं वळली. "घ्या वो. आपल्या पोरीचं तरी हाका मारनं सुटंल."

अख्खं दुकान हसलं. पण ती माणसं गेल्यावर मी विचार करत बसले. लोकांना ह्यात नेमकं काय आवडतं? मला वाटतं, विचारपूस आवडते. घड्याळ म्हणतं, बसून लई वेळ झाला, उठ. म्हणतं, पाणी पी. म्हणतं, काल झोप नीट झाली नाही. घरात भरल्या ताटावर माणसं बसलेली असतात, पण "झोप झाली का गं?" असं कोण कुणाला विचारतं? एवढ्याशा डबीनं विचारलं तर माणूस पैसे मोजून घेऊन जातं. ह्यात हसण्यासारखं काही नाही.

आता नरसम्माचं सांगते, कारण तो धोंडा माझ्या मनात राहिलाय तो तिच्यामुळं.

आमच्या समोर, बोळाच्या पलीकडं, नरसम्माचं दुकान. बोळ एवढा अरुंद, की दोघी आपापल्या गल्ल्यावर बसून शेंगांची चटणी कशी झाली ते बोलू शकतो. ती पद्मशाली, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी जे लागेल ते. तिचं दुकान आधी नावापुरतं होतं, चार घड्याळं आणि पट्टे. पोट सगळं घरच्या मागांवर. पूर्व भागात तिच्या घरात खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग चालायचे. आमच्या दोन दुकानांत एक जुनी रीत होती. गिऱ्हाइकानं मागितलेला माल आपल्याकडं नसला, तर "नाही" म्हणायचं नाही. "बसा, आणून देतो" म्हणायचं आणि समोरून आणायचा. गिऱ्हाईक आपलं, माल समोरचा. तीही तसंच करायची. भांडण झालं तरी ही रीत मोडली नव्हती, आणि भांडणं काय कमी झाली?

नरसम्माची सून स्वप्ना दुकानावर बसायला लागली आणि समोरचं दुकान एकदम उजळलं. काच नवी, दिवे नवे, भिंत भरून स्मार्टवॉच. पोरगी हुशार. मोबाईलपुढं उभी राहून तीन भाषांत व्हिडिओ करायची आणि शेवटी कॅमेरा सासूकडं फिरवायची. नरसम्मा इरकलीचा पदर सावरून मनगट वर करायची; त्यावर गुलाबी पट्ट्याचं घड्याळ. स्वप्ना म्हणायची, "आमच्या अत्तम्माला जमतंय, तुम्हाला का नाही जमणार?" बायका ते बघून कुठून कुठून यायच्या.

मग महेशनं पाटी लावली, 'एकावर पट्टा मोफत'. दुसऱ्या दिवशी समोर पाटी, 'दोन पट्टे मोफत'. महेशनं लिहिलं, 'आठवडाभर चार्जिंगची काळजी नाही'. समोर लागलं, 'जावई खूश नाही, तर घड्याळ बदलून'. मी नरसम्माला खुणेनं विचारलं, जावई खूश आहे का नाही ते कसं ओळखणार गं? ती पदरात तोंड घालून हसली. तोपर्यंत हसतच होतो आम्ही.

मग एक दिवस कुर्डुवाडीहून एक बाई आल्या. नवरा रेल्वेत, बोलणं नीटनेटकं. त्यांना फोन येणारं, पण गोल तोंडाचं घड्याळ हवं होतं. आमच्याकडं सगळी चौकोनी. मी सवयीनं म्हटलं, "बसा, आणून देतो." तर महेश मला आडवा आला. "आई, थांब." आणि त्या बाईंना मोठ्यानं म्हणाला, "ताई, समोर गोल मिळंल, पण नका घेऊ. तो माल डुप्लिकेट आहे."

मी तिथंच त्याला म्हटलं, "महेश, जिभेला हाड आहे का? एकाच टेम्पोतला माल आहे तो."

"आई, तू मधी बोलू नकोस. हा धंदा आहे."

बाई गडबडून निघून गेल्या, कुठंच न घेता. आणि समोर नरसम्मा बसली होती तशीच बसून राहिली, नुसता चष्मा काढून ठेवला तिनं. त्या दिवसापासून बोळ एकदम रुंद झाला. मी चहा दाखवला, तिनं मान फिरवली. महेशला म्हटलं, जाऊन माफी माग. तो म्हणायचा, ऑनलाईनवाले एकीकडं कापतात, स्वप्ना दुसरीकडं कापते, मी कुणाकुणाची माफी मागू? त्याचंही सगळं खोटं नव्हतं. पण इतक्या वर्षांची बाई माझ्या डोळ्यांदेखत माझ्याशी बोलायची थांबली होती, आणि ते मला कुठल्या पाटीनं परत मिळणार होतं?

असं असताना ती चूक झाली. आमच्यासारख्या समोरासमोरच्या दुकानांतच होईल अशी.

स्मार्टवॉच चालू करायचं तर आधी ते कुठल्यातरी फोनला जोडावं लागतं. महेशच्या फोनवर सारखे गिऱ्हाइकांचे फोन, म्हणून दाखवायला तो माझाच फोन घ्यायचा. फोनवर आसपासच्या घड्याळांची नावं येतात, त्यातलं आपलं निवडायचं. आता माल एकाच टेम्पोतला, तर नावंही एकसारखी. त्यानं एका नावावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, जोडलं गेलं. गिऱ्हाइकाच्या हातातलं घड्याळ मात्र ढिम्म. महेशनं 'घड्याळ शोधा' असलं काहीतरी बटण दाबलं, म्हणजे ते थरथरतं. तर इकडं काही नाही, आणि तिकडं समोर नरसम्मा ताडकन उठून मनगट झटकायला लागली, विंचू चढल्यासारखी!

महेशनं कपाळावर हात मारला. घड्याळानं तिला आधी विचारलं असणार, जोडू का म्हणून. आणि रोजचंच 'उठ, पाणी पी' असंल समजून तिनं हो म्हटलं असणार. महेशनं घाईनं दुसरं घड्याळ काढलं, गिऱ्हाईक वाटेला लावलं, आणि माझ्या फोनातली जोडणी तोडायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले, पलीकडं नरसम्माचं दुकान उघडलं, आणि माझ्या फोनवर अक्षरं उमटली. काल रात्री तुमची झोप कमी झाली. मी म्हटलं, चल हट, मी तर दगडासारखी झोपले होते. खाली एक निळी पट्टी होती, झोपेची. जागोजागी तुटलेली. सुताची गुंडी उंदरानं कुरतडावी तशी. मग डोक्यात उजेड पडला. ही माझी झोप नव्हतीच.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तसंच. त्याच्याही पुढच्या दिवशी. मी समोर बघायची. नरसम्मा पावडर लावून, पदर नीट करून, मनगट वर करून व्हिडिओसाठी हसतीये. आणि माझ्या हातात तिची तुटकी पट्टी. तिनं न सांगितलेलं मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिला माहीत नव्हतं. ते मला चोरीच्या मालासारखं जड वाटायला लागलं. दुखतंय का तिला काही? का महेशचं बोलणं इतकं लागलंय? फोन घेतला आणि उठले. महेश म्हणाला, "कुठं?" मी म्हटलं, "समोर."

बोळात पाऊस भुरभुरत होता. नरसम्मानं मला पायरी चढताना बघितलं.

"काय वैनी, डुप्लिकेट बघायला आलीस व्हय?"

"तुझी झोप परत द्यायला आले. माझ्या फोनात आलीये."

स्वप्नानं फोन हातात घेतला, बघितला आणि तिचा चेहरा तापला. "काकू, आमचं वॉच तुमच्या फोनला? हे महेशदादानं मुद्दाम केलंय."

"मुद्दाम करायला डोकं लागतं गं. चुकूनच झालंय." मी नरसम्माच्या शेजारी बसले. "ते जाऊ दे. तू झोपत का नाहीस?"

ती मला टाळून बाहेर बघायला लागली. मग हळूच तेलुगूत म्हणाली, "निद्र रादु." नाहीच येत म्हणाली झोप. "माग गेले ना वैनी घरातले."

मला माहीतच नव्हतं. दुकान वाढवायचं म्हणून त्यांनी माग मोडीत दिले होते.

"लगीन होऊन आले तवा त्या खडखडाटात मला झोप यायची न्हाई. रडायचे. सासू म्हनाली, सवय हुईल. झाली. पोरं त्या आवाजात झाली, त्या आवाजात निजली. आता घर गप असतं. गप असलं की कान उघडे ऱ्हातात बघ."

स्वप्ना हातात पट्टा घेऊन उभी होती. "अत्तम्मा, मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माग परत आन म्हनू? त्याच लोखंडाची तर ही काच झालीया." तिनं त्या चकचकीत कपाटावरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझ्याकडं वळली. "आनि त्याला तुझा लेक डुप्लिकेट म्हनला."

मी बसून राहिले तिचा हात धरून. दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं. स्वप्नानं कुणाला तरी तीन भाषांपैकी एकीत काहीतरी सांगितलं, पण नेहमीसारखा आवाज लागला नाही तिचा.

परत येऊन मी महेशला सगळं सांगितलं. त्यानं आधी माझ्या फोनातली जोडणी काढून टाकली. दुसऱ्याची झोप आपल्याकडं ठेवू नये, मी म्हटलं. तो मान खाली घालून काच पुसत राहिला, कोरडीच काच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरसम्मा आमच्याकडं आली. काही कामाचं निमित्त काढून. जुन्या भांडणासारखं काहीतरी बोलत भिंतीशी बाकावर टेकली. वर भिंतीवरची घड्याळं. विक्रीची असल्यामुळं बरीचशी बंदच. सेल फुकट जाऊ नयेत म्हणून एक-दोनच चालू ठेवायची आमची पद्धत; तेवढीच काय ती टिकटिक. ती बोलत होती, सुनेला भाकरी कशी पातळ जमत नाही ते, आणि बोलता बोलता वाक्य अर्धवट राहिलं. मला वाटलं आठवतीये काहीतरी. बघते तर मान कलली, तोंड किंचित उघडं. झोपली होती.

तेवढ्यात एक माणूस आला. त्याला गोल हवं होतं. महेशनं त्याला हातानं थांबवलं, काउंटरवरून वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "बसा. समोर आहे. अस्सल माल आहे. आणून देतो." आणि चपला न घालता बोळ ओलांडून गेला. स्वप्नापुढं उभा राहून तो काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होता, एवढं दिसलं. येताना डबा घेऊन आला, आणि वर दोन पट्टे.

त्या धोंड्यानंतर स्मार्टवॉचचं येड हळूहळू उतरलं. आता कुणी एवढं विचारत नाही. घरोघरी टेबलाच्या खणात चार्जर हरवलेली घड्याळं पडून आहेत. जावयांना आता कानात घालायची बोंडं लागतात, नाहीतर सरळ पैसे. परवा सांगोल्याची ती बाई जोडव्यांसाठी आली होती, मुद्दाम डोकावली. मी विचारलं, "काय, जावई उठतो का आता लवकर?" ती म्हणाली, "कुटलं वो! घड्याळ त्याला उठवतं, त्यो घड्याळाला झोपवतो." तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि माया जास्त होती. स्वप्नानं आता मोबाईलची कव्हरं ठेवलीत, थोडी घड्याळंही आहेत. आम्ही दुरुस्तीवर आलोय पुन्हा. समोरचा माल इकडं येतो, इकडचा तिकडं जातो. त्या कपाटाच्या काचेकडं बघितलं की मला मात्र अजून माग दिसतात. बाजार पुढं गेला की कुणाचं तरी काहीतरी मोडीत जातं, आणि नवीन आलेलं तीन वर्षंसुद्धा टिकत नाही. माग किती पिढ्या टिकले होते?

नरसम्मा रोज दुपारी येते. ऊन तापलं की स्वप्ना तिला बोळ ओलांडून आणून सोडते. बाकावर आता एक उशी असते. महेशनं कधी ठरवलं, मला सांगितलं नाही. एका सकाळी बघते तर भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत सेल घातलेले. सगळी एकदम चालू. वेळ मात्र एकाचीही लावलेली नाही. कुणी पुढं, कुणी मागं, प्रत्येकाची टिकटिक आपापली. मी म्हटलं, लाव की नीट. तो म्हणाला, मावशींना विचारलं मी, माग काही एका तालावर चालत नव्हते म्हणतात.

काल दुपारी एक नवखा माणूस दुकानात शिरला. घामानं निथळत होता. भिंतीकडं बघून चक्रावला आणि मोठ्यानं विचारलं, "अहो, ह्यातली खरी वेळ कुठली?"

महेशनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. मावशी झोपल्यात."